छपरावरचं काळं

स्टेशिया बेट, वरचं गाव
६ फेब्रुवारी १७८१

हेस्टर,

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षं तुझ्या दौतीतली शाई वाळली होती, ती नेमकी नवऱ्याचं जहाज इकडे निघायच्या वेळी ओली झाली. 'गेरिट महिनाअखेर तिकडे येईल, चार दिवस तुझ्याकडे उतरेल, ताई, आता जुनं विसर' असं लिहिलंयस. खाली आईची शपथही घातलीयस. आईला बिचारीला कशाला मध्ये ओढतेस?

येऊ दे गेरिटला. अगदी अवश्य येऊ दे. इकडे त्याच्या स्वागताची अशी तयारी झाली आहे की तुला क्युरासाओत बसून कल्पनाही येणार नाही.

शनिवारी दुपारी इंग्रजांचं आरमार आलं. आपल्याशी युद्ध सुरू झालंय हे आमच्या गव्हर्नराला इंग्रजांकडूनच कळलं. शरण यायला तासाभराची मुदत होती, तीही पुरती लागली नाही. बंदरातली सगळी व्यापारी जहाजं, आपली आणि अमेरिकनांची, एका दुपारीत त्यांची झाली. खालच्या गावातल्या वखारींना कुलपं लागली. साखर, तंबाखू, कापड, दारू, काही म्हणजे काही सुटलं नाही. दाराशी लाल डगलेवाले उभे आहेत आणि व्यापारी आपल्याच वखारीसमोर भिकाऱ्यासारखे बसून आहेत.

किल्ल्यावर झेंडा मात्र अजून आपलाच, डचांचाच फडकतोय. पहिल्या दिवशी मला वाटलं, गडबडीत उतरवायचा राहिला. काल दुपारी कळलं का राहिला ते. ॲमस्टरडॅमहून एक जहाज आलं. आपला झेंडा बघून त्यांनी सलामीची तोफ उडवली, किल्ल्यावरून उत्तर गेलं, खलाशी डोलकाठीवर चढून टोप्या हलवायला लागले. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनीही डच निशाणं लावली आहेत आणि ती व्यापाऱ्यांच्या गर्दीत घुसून बसली आहेत. जहाजाने नांगर टाकल्यावर होड्या निघाल्या. मी आपल्या शिडांच्या कारखान्याच्या गॅलरीतून बघत होते. टोप्या हलवणारे हात हळूहळू खाली आले.

माझ्या मनात त्या वेळी पहिला विचार कोणाचा आला असेल, सांग बघू. तुझ्या गेरिटचा. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

तुला 'विसर' म्हणायला काय जातं? योस्ट माझा नवरा होता. सेंट मार्टिनच्या पुळणीवर तो तुझ्या नवऱ्यासाठी मिठाची पोती भरत होता. लांबून इंग्रजांचं शीड दिसलं आणि गेरिटने होडी परतायचीसुद्धा वाट बघितली नाही, नांगराचा दोर कुऱ्हाडीने तोडून तो निघून गेला. योस्ट कमरेएवढ्या पाण्यात हात हलवत धावत आला होता. हे मला खलाशांनी सांगितलं, गेरिटने नाही. अमेरिकनांना चोरून मीठ पुरवतो म्हणून इंग्रजांनी त्याला अँटिग्वाच्या तुरुंगात टाकलं, आणि तिथे तो तापाने गेला. गेरिट माझ्या दारात आला तो योस्टचं हातचामडं घेऊन, शिडं शिवताना दाभण रेटायला तळहाताला बांधायचं ते. जहाजावर राहिलं होतं म्हणाला. तोंडातून दुसरा शब्द नाही.

शब्द तुझ्याकडे होते. 'एका माणसासाठी सगळं जहाज घालवायचं होतं का, ताई?' असं तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस.

तेच जहाज आता येतंय. तुझ्या नावाचं, 'फ्राउ हेस्टर'. तेव्हा वाचवलं, आता कसं वाचवतो ते बघते.

बातमी फुटू नये म्हणून इंग्रजांनी कोळ्यांच्या होड्यासुद्धा वाळूवर ओढून ठेवल्या आहेत, त्यामुळे हे पत्र आत्ता जाणार नाही. दोऱ्यांच्या पिशवीत ठेवते. गेरिटचं काम झालं की एकदमच पाठवीन.

डीना


१४ फेब्रुवारी

हेस्टर,

आजवर किती जहाजं आली ते मोजायचं सोडून दिलं. रोज येतात. रोज सलामी, रोज उत्तर, रोज टोप्या.

उत्तराची सलामी ऐकून मात्र हसू येतं. आपला म्हातारा बार्तेल आठवतो ना, किल्ल्यावरचा तोफवाला? एक तोफ उडवली की पाइप पेटवणार, मग काकडा शोधणार, मग दुसरी. बाबा म्हणायचे, बार्तेलच्या दोन तोफांमध्ये माझी एक शिवण होते. बार्तेल आता कोठडीत आहे आणि इंग्रज गोलंदाज कशा टपाटप उडवतात. स्टेशियाच्या किल्ल्याने इतक्या शिस्तीत सलामी कधी दिली नसेल. कोणाच्या लक्षात येत नाही. लांबून आलेल्या माणसाला फक्त झेंडा दिसतो.

काल फार वाईट झालं. ज्यू पुरुषांना सगळ्यांना बोलावून कोंडलं, कोटांची अस्तरं फाडून झडती घेतली, आणि त्यांतल्या काहींना घरी एक निरोप न पाठवता जहाजावर चढवून नेलं. शेजारची रिव्का संध्याकाळी माझ्या दाराशी आली. "डीनाबाई, तुमच्या गॅलरीतून जहाज कुठल्या दिशेला गेलं ते दिसलं का हो?" एवढंच विचारत होती. मी दक्षिणेला म्हणाले. खरं तर मी त्या वेळी पश्चिमेकडे बघत होते, 'फ्राउ हेस्टर' येते का म्हणून.

आता तुझ्या मनातलं बोलते. तू म्हणशील, छपराचं काय? कड्याच्या टोकाला आपलाच कारखाना, समुद्रावरून पहिलं दिसतं ते आपलं छप्पर. तू लहान होतीस तेव्हा बाबांनी सुरू केलं ते. बंदरात साथ असली, चाचे असले, इंग्रजांची गस्त असली, की बाबा डांबर फासलेलं मोठं कापड छपरावर पसरायचे. काळं दिसलं की आपल्या घरच्या जहाजाने तोंड फिरवायचं. काळं नसलं की डोळे मिटून आत यायचं. बाहेरच्या कोणाला ते ठाऊक नाही. किल्ल्यालाही नाही.

तर सांगते, ते कापड आता नाही. उंदरांनी खाल्लं.

मिंबाला हे पटलेलं नाही. बाबांनी मरताना तिला मोकळं केलं, तरी ती अजून माझ्याकडेच शिवायला बसते, आणि बोलते तर अशी की कारखाना तिचाच आहे.

"डांबर खाणारा उंदीर मी अजून बघायचाय, बाई."

"आता बघ मग."

"कापड कुठंय?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

"त्या जहाजावर तुमचा एकटा मेहुणा नाही. खलाशी आहेत. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"योस्टने तरी कोणाचं मारलं होतं?"

"धनी चांगले होते, म्हणूनच बोलतेय," ती म्हणाली. "आणि गोऱ्या खलाशांना हे लोक नुसतं कोंडतात. काळ्यांना मालात धरतात. मोकळा असो नाहीतर नसो, पोत्यांच्या बाजूला उभा करतात. खाली जाऊन बघून या एकदा."

मी गेले नाही. मला गॅलरी सोडवत नाही.


२० फेब्रुवारी

आज एक गंमत झाली ती तुला सांगायलाच हवी.

सकाळी एक लेफ्टनंट दाराशी आला. पोरगेलासा, उन्हाने नाकाचं सालपट निघालेलं. मागे दोन शिपाई, त्यांच्या खांद्यावर मोठं गाठोडं. त्याने ते माझ्या शिवणाच्या फळ्यांवर सोडलं आणि आपला झेंडा बाहेर पडला. किल्ल्यावरचा. वाऱ्याने टोकाला चिंध्या झाल्या होत्या, निळा पट्टा तर मधोमध उसवला होता.

"बाईसाहेब, हे जरा नीट करून द्या. दुपारपर्यंत पाहिजे," तो म्हणाला. मोडकंतोडकं डच येतं त्याला.

"तुमच्या राजाचा लावा की. नवा कोरा असेल."

तो हसला. "तो पेटीत आहे. सध्या तुमच्याच झेंड्याला गिऱ्हाईक जास्त."

मिंबा दाभण खाली ठेवून उठली. भिंतीकडे तोंड करून मेणाचे गोळे करत बसली. तिचा हात लागणार नाही हे मला कळलं. लेफ्टनंटलाही कळलं असावं, कारण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सक्ती नाही. खालच्या गावात दुसरा शिडवाला आहे."

त्याची शिवण मला माहीत आहे. आठवडाभर टिकली नसती. झेंडा फाटला असता, इंग्रज कंटाळले असते, त्यांनी आपला वर चढवला असता आणि गेरिट लांबूनच वळून गेला असता. हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं. मी म्हणाले, "ठेवा. मी करते."

योस्टचं हातचामडं बांधलं. दोरा दुहेरी घेतला, मेण जास्त लावलं. योस्ट वादळी शिडांना घालायचा ती शिवण घातली, कडेला नवी पट्टी लावली. हेस्टर, इतकं मन लावून मी तुझ्या लग्नाच्या चादरीही शिवल्या नव्हत्या. काम चालू असताना मला त्या पाण्यात धावणाऱ्या माणसाचे हात दिसत होते आणि एकेक टाका मी त्याच्यासाठी घालत होते. मला लाज वाटली का, असं विचारशील तर नाही वाटली. बरं वाटलं.

दुपारी झेंडा वर गेला. मिंबा दारातून बघत होती.

"आता वर्षभर फाटायचा नाही," ती म्हणाली. "काय काम आहे तुमच्या हाताला."

तिने हे कसं म्हटलं ते तुला कागदावर लिहून दाखवता येत नाही.


२७ फेब्रुवारी

उंदरांनी खाल्लं नाही. माझ्या पलंगाखाली आहे, घडी करून, कुलूपवाल्या पेटीत. किल्ली माझ्या गळ्यात आहे. लिहिलं खोटं तर काय झालं, तुझ्याशी खरं बोलायचं मी कुठे कबूल केलं होतं?

मिंबाने शोधलं. मी चर्चला गेले होते तेव्हा तिने वरचा माळा, टाकीची खोली, सगळं उलथंपालथं केलं. परत आले तर ती पेटीसमोर बसलेली.

"द्या किल्ली."

"नाही."

"मारायचं तर मेहुण्याला मारा ना. येऊ दे त्याला, मी धरते, तुम्ही मारा. हे काय, कड्यावर बसून सगळ्या जहाजाला..."

"त्याने कुठे मारलं होतं? त्याने नुसतं वाट नाही बघितली. मीही नुसतं काही करणार नाही."

तिने पेटीच्या कुलपावर हात ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या वडिलांनी ते कापड यासाठी केलं नव्हतं."

बाबांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. पण खोटं कशाला सांगू, मनात आलं. तुझी दोन्ही पावलं कापडाच्या टोकावर, वाऱ्याने ते फडफडतंय आणि तू किंचाळून हसते आहेस, बाबा ओरडताहेत, "हेस, घट्ट उभी राहा, नाहीतर कापडाबरोबर उडून साबा बेटावर जाशील." एका टोकाला मी, एका टोकाला तू. एकट्या माणसाला ते कधीच पसरता आलं नाही. मला वाटतं मी अर्धा दिवस त्यात घालवला, आठवण्यात. मग मी योस्टचं हातचामडं काढून समोर ठेवलं. त्यात अजून त्याच्या अंगठ्याचा खळगा आहे. तो बघितला की बाकीचं सगळं बाजूला पडतं.

ये म्हणावं गेरिटला. फार वेळ लावतोय.


४ मार्च, रविवार

आला.

काल न्याहारीच्या सुमारास दिसला. तांबूस शिडं, पुढचं त्रिकोणी मीच शिवलेलं, त्याच्या खालच्या कोपऱ्यात ठिगळ आहे. लांबूनच ओळखलं. मिंबा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला, नुसता. मी किल्ली मुठीत धरली.

आता नीट वाच. काही लपवत नाही.

जहाज किल्ल्यासमोर आलं. सलामी दिली. किल्ल्याने उत्तर दिलं, तशीच टपाटप. आणि 'फ्राउ हेस्टर'ने शिडं ढिली केली, वाऱ्यावर डुलत थांबली. पुढे येईना. मी गॅलरीच्या कठड्याला पोट लावून उभी होते. तोफांच्या टप्प्यात ती पुरती आली नव्हती. वळली असती तर निसटली असती. सुकाणूजवळ गेरिट दिसत होता, दुर्बीण डोळ्याला लावून. दुर्बीण किल्ल्यावर होती. मग ती हळूहळू कड्यावरून सरकत माझ्याकडे आली.

त्याला मी दिसले असेन. मी हललेसुद्धा नाही.

दुर्बीण खाली गेली. शिडं पुन्हा भरली. जहाज आत आलं आणि त्याने नांगर टाकला, अगदी आपल्या घरच्या जहाजाच्या नेहमीच्या जागी. होड्या निघाल्या.

मिंबा तिथेच खाली बसली. मी शाल घेतली आणि कड्याची वाट उतरून खाली गेले. मला ते जवळून बघायचं होतं. दोन वर्षं मी त्याचीच स्वप्नं बघितली होती, तेव्हा तुझ्यापासून काय लपवू? गेरिट पायात बूट नसताना, हात मागे बांधलेला, असा मला बघायचा होता, आणि तसाच बघितला.

वाळूवर त्यांना ओळीत उभं केलं होतं. गोरे एकीकडे. काळे खलाशी दुसरीकडे, साखरेच्या पिंपांशेजारी, मिंबा म्हणाली होती तसेच. त्यांतला एकजण ओरडून सांगत होता की मी मोकळा आहे, माझ्या आईलाही विचारा. त्याला कोणी विचारत नव्हतं. माल उतरत होता. शिपायांनी एक मातीची बरणी फोडली आणि बोटांनी काढून खायला लागले. वास आला मला. कडू संत्र्याच्या साली, पाकात, लवंग घालून. आई करायची तशा. बरणीच्या फुटक्या तुकड्यावर सुतळीने चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर तुझ्या अक्षरात माझं नाव होतं.

एका शिपायाने मलाही देऊ केलं. मी घेतलं नाही.

लेफ्टनंट ओळखीचा, त्याने मला गेरिटपर्यंत जाऊ दिलं. त्याला वाटलं मी रडायला आलेय.

"डीनाताई," गेरिट म्हणाला. थकला आहे तो, हेस्टर. केस पिकलेत. "तू बरी आहेस ना? घराला काही केलं नाही ना यांनी?"

मी ठरवलेलं बोलले. पाठ करून ठेवलं होतं. "योस्ट असाच उभा होता. पाण्यात. तुला दिसत होता."

"हो," तो म्हणाला. "दिसत होता."

मला वाटलं होतं तो काहीतरी सांगेल, जहाज, वारा, बाकीचे लोक, तू सांगितलं होतंस तसं. त्याने नाही सांगितलं. मग मीच चिडून म्हणाले, "मग? कसं वाटतं आता? झेंडा बघून फसलास ना?"

त्याने मान हलवली. "झेंड्याने नाही. सलामी ऐकली तेव्हाच खटकलं. बार्तेल इतक्या लवकर दुसरी तोफ उडवूच शकत नाही. सुकाणूवाला म्हणाला, कप्तान, वळूया. मीही तेच म्हणणार होतो." त्याने वर कड्याकडे पाहिलं. "मग मी छप्पर बघितलं. स्वच्छ होतं. मी त्याला म्हटलं, चल आत. ती माझ्यावर थुंकेल, दारात उभं करणार नाही, पण ते छप्पर खोटं बोलणार नाही."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाटतं त्याला तेव्हा कळलं. तोंडावरून काहीतरी उतरलं त्याच्या. रागावला असता तर मला बरं पडलं असतं. तो फक्त म्हणाला, "कापड आहे ना अजून?"

किल्ली बाहेर लोंबत होती, ती मी शालीत घातली.

शिपायाने त्याला ढकललं आणि रांग पुढे गेली.


९ मार्च

हेस्टर,

गेरिटला आणि इतरांना सेंट किट्सला नेलं. कैदेत ठेवतील म्हणतात, जिवाला धोका नाही. जहाज इंग्लंडला जाणाऱ्या ताफ्यात लावलंय, तुझं नाव खरवडून काढलं मागच्या फळीवरून. काळ्या खलाशांचा मंगळवारी लिलाव झाला. आपल्या आईला विचारा म्हणणारा माणूस कुठल्या बेटावर गेला ते मला कळलं नाही. मी विचारलं, पण आता कोणाला विचारायचं हेच कळत नाही.

मिंबा गेली. सामान बांधताना मी दारात उभी होते. म्हटलं, "मिंबा, तू तरी जाऊ नकोस." ती म्हणाली, "तुमच्याकडे शिवलेलं कोणाच्या गळ्यात पडेल ते सांगता येत नाही, बाई." अपमान करायचा म्हणून नाही बोलली ती. खरंच तसं वाटतं तिला.

तू आता म्हणशील की मला पश्चात्ताप झाला म्हणून मी लिहितेय. तसं नाही. योस्टचा सूड मला हवा होता आणि मिळाला. अजूनही ते पाणी आणि ते हात आठवले की माझी नखं तळव्यात रुततात, गेरिटला मी माफ केलेलं नाही. पण त्याने योस्टला सोडलं तेव्हा भीतीने सोडलं. मी घाबरले नव्हते. न्याहारी केलेली होती, ऊन होतं, आणि तो माझ्यावर विसंबून आत येत होता ते मी बघत उभी राहिले. हे दोन्ही सारखं नाही, आणि कुठलं जास्त वाईट ते मला लिहायचं नाही.

सेंट थॉमसचा एक डॅनिश व्यापारी लिलावात स्वस्तात कापड घ्यायला आलाय. त्याच्या हाती ही सगळी पत्रं देते. मधली फाडून टाकावीत असं दोनदा मनात आलं. नाही फाडली. तुझा नवरा कोणी घालवला हे तुला दुसऱ्याकडून कळू नये.

काल पेटी उघडली. झेंडा अजून वरच आहे, माझी शिवण टाक्याभरही उसवलेली नाही, आणि जहाजं अजून येताहेत. म्हणून काळं छपरावर नेलं. एका टोकावर दगड ठेवले तर दुसरं उडायचं, दुसऱ्यावर ठेवले तर पहिलं. शेवटी मी स्वतः एका टोकावर बसले आणि दुसरीकडे शिवणाची फळी टाकली. पसरलं कसंबसं. दुपारी मिडलबर्गचं एक जहाज आलं. मी हात हलवले, ओरडलेही. डोलकाठीवरच्या खलाशांना छपरावर बसलेली एक बाई दिसली असणार. काळ्याचा अर्थ त्यांना कुठून ठाऊक असणार, त्यांनी टोप्या हलवल्या आणि आत आले.

संध्याकाळी लेफ्टनंट वर आला. "छप्पर गळतंय का, बाईसाहेब?" म्हणाला. मी हो म्हणाले. उद्या माणसं पाठवून वरचं ते कापड काढतो, छप्पर नीट करून देतो म्हणाला.

पत्र वाचून तू गेरिटसाठी इकडे यायला निघशील, मी तुला ओळखते. येऊ नकोस. सेंट किट्सला परस्पर जा. आणि वाटेत हे बेट लागलंच तर लांबून जा, हेस. छपराकडे बघू नकोस.

तुझी ताई
डीना